आण्णांचा शपथविधी

उद्याचं नेतृत्व शाळेच्या अंगणात घडतं. हे वाक्य रंकाळ्याच्या मागल्या अंगाच्या एका शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. भिंत मुलींच्या स्वच्छतागृहाची आहे. आत नळाला पाणी नाही.

पाणी का नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. शाळेनं नळ बदलले, मोटार दुरुस्त केली, शेवटी पाणीबचतीवर निबंध स्पर्धा घेतली. पाणी आलं नाही. मुली बाटल्या घेऊन जात. म्हणून दहावी अ मधली दीक्षा विद्यार्थी प्रमुखाच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा तिनं एकच आश्वासन दिलं. "नळाला पाणी आणीन." समोर राजवर्धन होता. त्यानं रोज खेळाचा तास आणि शनिवारी मिसळ जाहीर केली होती. मुलींनी एकगठ्ठा दीक्षाला मतं दिली, आणि ज्यांच्या बाटल्या मुली उसन्या न्यायच्या त्या मुलांनीही दिली. राजवर्धन उपप्रमुख झाला. मिसळीचा विषय तिथंच थांबला.

राहिला होता पदग्रहण समारंभ. खेळाडूंचा सत्कार, गुणवंतांचा सत्कार आणि शेवटी प्रमुखाची शपथ, असा बेत होता. प्रमुख पाहुणे म्हणून ठरलेले एक निवृत्त अधिकारी आदल्या दिवशी पाय मुरगळून बसले. मुख्याध्यापक हंबीरराव मोहिते यांनी डोकं धरलं आणि मग बाळासो आण्णांना फोन लावला. आण्णा कधीही मोकळे असतात. फोनची पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ते म्हणाले, "येतो की."

आण्णा हे भागातले भावी नगरसेवक. चौकाचौकांतल्या फलकांवर त्यांच्या नावाआधी 'भावी' हा शब्द इतकी वर्षं आहे, की नवीन पोस्टमनला ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटलं होतं. एकदा ते थोडक्यात पडले. मग निवडणूक पुढं गेली. पुढं जाऊन आणखी पुढं गेली. आण्णा तयारीत राहिले.

"मॅडम, आण्णांना शपथ तोंडपाठ हाय," कार्यक्रमाच्या सकाळी त्यांचा कार्यकर्ता पिराजी फाटकाशी वर्षाराणी मॅडमना सांगत होता. समारंभाची जबाबदारी मॅडमवर होती आणि पिराजीच्या हातातल्या पिशवीतून फटाक्यांची माळ डोकावत होती. "रोज आंघोळ झाली की आरशाम्होरं हात वर करून म्हणत्यात. वैनी तवर च्या गाळत्यात."

"ही माळ कशाला?"

"असूंदे की. हाताशी असल्यालं बरं."

ऑगस्टातली उघडीप होती आणि ऊन चावत होतं. मुलं मैदानात उभी होती. उभी म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होती. आण्णांना फेटा बांधला. मग आण्णांबरोबर न बोलावता आलेल्यांना फेटे बांधले. फेटे संपले तेव्हा टोप्या घातल्या. कुस्तीत जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या वाट्याला नुसता नारळ आला. तोही फोटो झाल्यावर परत घेतला, कारण मागं फुटबॉलचा अख्खा संघ थांबला होता. आण्णांनी मार्गदर्शन केलं. त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करून ते बराच वेळ लहानच राहिले. पाचवीतली एक मुलगी खाली बसली. तिच्यामागची सगळी रांग, चक्कर आली असं सांगत, खाली बसली.

"शपथ घ्या सर, शपथ," वर्षाराणी मॅडम मोहिते सरांच्या कानाशी पुटपुटल्या.

पद्धत अशी होती की पाहुण्यांनी शपथेचं एकेक वाक्य वाचायचं आणि प्रमुखानं ते मागून म्हणायचं. दीक्षा पुढं येऊन हात वर करून उभी राहिली. मॅडमनी आण्णांच्या हातात कागद दिला. त्यावर पहिलाच शब्द 'मी' होता आणि पुढं टिंबं होती. तिथं "तुझं नाव घे" असं म्हणायचं, हे सांगायचं राहून गेलं.

आण्णांनी माईक बघितला. समोरची गर्दी बघितली. डोक्यावर फेटा होता, पाठीमागं मोठा फलक होता. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

"मी, बाळासो..." आणि तिथून पुढं वडिलांच्या नावासकट सगळं आलं. "...अशी शपथ घेतो, की या शाळेचा विद्यार्थी प्रमुख म्हणून..."

दीक्षाचा हात वरच राहिला. मी बाळासो, असं तिला म्हणता येईना. मॅडम पुढं सरकल्या, पण आण्णांचे डोळे मिटलेले होते. "मी गणवेश स्वच्छ ठेवीन. मी वेळेवर शाळेत येईन. मी बाकांवर व भिंतींवर काही लिहिणार नाही," आण्णांचा आवाज भरून आला, "आणि माझं कर्तव्य निर्भयपणे पार पाडीन."

तेवढ्यात पिराजीनं माळ लावली.

समारंभ संपला असं समजून मुलांनी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. धुरातून आण्णांनी मान पुढं केली. मोहिते सर पट्टा हातात घेऊन उभेच होते. समोर वाकलेली मान दिसली की तीत काहीतरी घालायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. 'विद्यार्थी प्रमुख' लिहिलेला पट्टा आण्णांच्या गळ्यात पडला.

"सर, परत शपथ घेऊया. दीक्षाची," ऑफिसात मॅडम म्हणाल्या.

"आणि आण्णांना काय सांगायचं? तुमची चुकून झाली म्हणून? अहो, माणसाचे डोळे भरलेते! मैदानावरच्या शेडचे पत्रे तेच देणार हायत."

"पण निवडून ती आलीय."

"येईल की परत. लहान हाय अजून."

दीक्षा दारात उभी होती. "सर, मग मी कोण?"

"तू उपप्रमुख."

"उपप्रमुख राजवर्धन हाय."

"मग तू... मार्गदर्शक."

दुपारपर्यंत चौकात फलक लागला. काळा चष्मा घातलेले आण्णा, गळ्यात पट्टा, आणि खाली 'विद्यार्थी प्रमुखपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : पिराजी व मित्रपरिवार.' या एका फलकावर 'भावी' नव्हतं.

शाळा सुटल्यावर दीक्षा तो फलक बघत बराच वेळ उभी राहिली. तिच्या मैत्रिणींचं म्हणणं होतं, की त्याला शेण मारावं. दीक्षानं डोकं खाजवलं आणि ती सरळ आण्णांच्या संपर्क कार्यालयात गेली.

"आण्णा, सकाळी सात वाजता फाटकावर या."

"कशाला गं?"

"प्रमुखाची ड्युटी असती. उशिरा येणारी पोरं अडवायची."

"आता आण्णा फाटकावर थांबणार व्हय?" पिराजी उसळला. "काय बोलत्यास काय!"

"मग पट्टा द्या. मी थांबते. सांगते सगळ्यांना, आण्णांनी राजीनामा दिला म्हणून."

पिराजीनं खिडकीतून फलकाकडं बघितलं. त्याचे पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून भरले होते. आण्णा घसा खाकरून म्हणाले, "येतो की."

दुसऱ्या दिवशी आण्णा सव्वासातला पोचले. फाटकाशी दीक्षा उभी होती.

"आण्णा, उशीर झाला. त्या रांगेत थांबा."

"अगं, मी प्रमुख हाय न्हवं?"

"व्हय. म्हणून पयला नंबर."

आण्णा उशिरा आलेल्यांच्या रांगेत थांबले. त्यांच्यामागं मोटारसायकलवरून आलेला पिराजी थांबला. नंतर मोहिते सर आले, त्यांनी रांग बघितली आणि ते मागच्या फाटकानं आत गेले. त्यानंतर आण्णांनी पावणेसातलाच यायला सुरुवात केली. ते डबे तपासू लागले, नखं बघू लागले. मधल्या सुट्टीत दोन पोरांचं भांडण त्यांनी मिटवलं आणि तिसऱ्याचं लावलं. आण्णांचा पहाटेचा चहा बंद झाला, पेठेतल्या कट्ट्यावरचं बसणं बंद झालं, डोळ्यांखाली काळं आलं. पण पट्टा गळ्यातून उतरेना.

"आण्णा, सोडा की आता," पिराजी काकुळतीला आला. "पाय सुजलं माझं."

"आरं, पद हाय. असं सोडून कसं चालंल?"

शुक्रवारी दीक्षानं त्यांना त्या निळ्या अक्षरांच्या भिंतीशी गाठलं. मागं मुली होत्या, प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली.

"आण्णा, पाण्याचं काय झालं?"

"कुठलं पाणी?"

"प्रमुखानं निवडणुकीत शब्द दिलाय, नळाला पाणी आणणार म्हणून. सगळ्या शाळेनं त्यावर मतं दिलीत."

"म्हंजे..." आण्णा थांबले. "मी निवडून आलोय?"

दीक्षानं मागं वळून बघितलं. मतं तिची होती. बाटल्या पण तिच्याच मैत्रिणींच्या होत्या.

"व्हय की," ती म्हणाली. "दणक्यात."

आण्णांनी पाठ फिरवून चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी म्हणालं नव्हतं.

"पण एक हाय," दीक्षा म्हणाली. "पाणी आलं की पट्टा माझा. सगळ्यांसमोर द्यायचा."

"आणि न्हाई आलं तर?"

"तर वर्षभर फाटकावर या."

पिराजी मधे पडला. "पोरी, सोमवारी पाणी घे. माझा शब्द."

सोमवारी प्रार्थना झाल्यावर सगळी शाळा भिंतीपाशी जमली. आण्णा फेटा बांधून आले होते. बरोबर प्लंबर होता, फोटोग्राफर होता. फटाक्यांची माळ मात्र वर्षाराणी मॅडमनी फाटकातच काढून घेतली होती. प्लंबर खाली पाइप ठोकत बसला आणि सगळी लाइन उकरावी लागेल, मैदानासकट, असं म्हणाला. मोहिते सर घामाघूम झाले.

"आण्णा, तवर पाहणीचा एक फोटो घिऊया," पिराजी म्हणाला. "वर टाकीपाशी. लोकांस्नी दिसूंदे."

आण्णा शिडीवरून स्वच्छतागृहाच्या स्लॅबवर चढले. फोटोग्राफर खालून ओरडला, "आण्णा, जरा कडंला! अजून! फेटा दिसंना!" आण्णा कडेला सरकले, त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि जे हाताला लागलं ते त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरलं. टाकीखालच्या पाइपवरचं ते गंजकं चाक होतं. आण्णांच्या वजनानं ते करकरलं आणि फिरलं.

आतून आधी फुसफुस आली, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग मुलींचा असा कल्ला उठला, की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या.

"आण्णा!" दीक्षा खालून ओरडली. "हात काढू नगासा! पाणी आलं!"

आण्णा तसेच लोंबकळत राहिले. फोटो उत्तम आला.

खाली उतरल्यावर त्यांनी माईक मागितला. "मी पदाला चिकटून बसणारा माणूस न्हवं," ते म्हणाले. पिराजीनं सगळ्यांत मोठ्यांदा टाळी वाजवली. आण्णांनी पट्टा काढून दीक्षाच्या गळ्यात घातला. तिनं कोणी सांगायच्या आत हात वर केला आणि आधी स्वतःचं नाव घेऊन सगळी शपथ एका दमात म्हणून टाकली. मुलं वर्गात गेली. दुपारी चौकात नवा फलक लागला. 'वचनपूर्ती! आण्णांच्या अथक प्रयत्नांतून मुलींना पाणी. आभारी : हंबीरराव मोहिते, मुख्याध्यापक.'

ते गंजकं चाक म्हणजे टाकीचा कॉक. तो बंद होता. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत पाणी वाया जाऊ नये म्हणून मोहिते सरांनी तो स्वतः वर चढून बंद केला होता.