छायाचित्र क्रमांक नऊ

उपनगरांतील ऋतू, सण आणि प्रेक्षणीय स्थळे यांचे वर्षभर छायाचित्रण करावे, असा आदेश उपनगर ऋतुदर्शन कक्षाने १९८६ साली काढला. आदेश सत्तावीस फेब्रुवारीला निघाला. दर महिन्याचे एक, अशी बारा छायाचित्रे एकतीस मार्चपर्यंत सादर करायची होती. या दोन तारखांच्या मध्ये अख्खं वर्ष कसं बसवायचं, याचा खुलासा आदेशात नव्हता. आदेशात खुलासा नसतोच. त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागतो.

काम मिळालं घाटकोपरच्या सातपायरी वाडीतल्या गुणाजी परबला. वाडीच्या तोंडाशी त्याचा एका खोलीचा स्टुडिओ होता. माणूस हळवा. सकाळची तिरीप पत्र्यांवरून घसरत ओल्या धुण्यावर आली, की गिऱ्हाईक खुर्चीत बसवून हा बाहेर बघत उभा राहायचा. काम हाती आलं त्या रात्री त्याने मनातल्या मनात बारा पानं लावूनसुद्धा टाकली. श्रावणात कान्हेरीच्या पायऱ्यांवरून धावणारं पाणी, नारळी पौर्णिमेला वर्सोव्याच्या नव्या रंगाच्या होड्या, भाद्रपदात पवईच्या तळ्याकडे निघालेला वाडीचा गणपती. सकाळी त्याने आदेशाची दुसरी बाजू वाचली आणि तो तडक कक्षात गेला.

कक्षाचे सहायक अभिलेख अधिकारी श्री. चंद्रप्रकाश वेंगुर्लेकर हे अतिशय सौम्य गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. ते फक्त 'नियमात बसत नाही' म्हणत.

"साहेब, वर्षाचं काम महिन्याभरात?"

"परब, वर्ष एकतीस मार्चला संपतं."

"ते तुमचं हो. मी श्रावण कुठनं आणू?"

"ते कक्षाने सांगायचं नसतं. कक्षाने श्रावण मागवलाय. पुरवठा तुमचा."

तेव्हा मार्च महिन्यात उपनगरांत वर्ष साजरं होऊ लागलं.

जुलैसाठी टँकर बोलावला. छत्र्या उघडलेली माणसं रस्त्यात उभी केली आणि वरून पाइपाने पाणी सोडलं. वाडीत तीन दिवस नळ नव्हता. पहिला थेंब पडला मात्र, छत्र्या उलट्या झाल्या, आणि हंडे, कळश्या, डालड्याचे डबे घेऊन बायका धावल्या. छायाचित्राखाली कक्षाने ओळ लिहिली : 'पर्जन्यराजाचे उत्स्फूर्त स्वागत करताना नागरिक.'

वर्सोव्याला नारळी पौर्णिमा घेतली. त्या दिवशी किनाऱ्यावर होड्या सजून उभ्या हव्यात. पण मार्चात होड्या मासळीला गेलेल्या. मग एका मोडक्या होडीला पताका लावून पुढे सोनेरी कागदाचा नारळ सोडला. लाटेने तो आणून पायाशी टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आणून टाकला. समुद्राला तिथी कळत असावी.

डिसेंबर मरोळच्या गावठाणात झाला. तिथल्या एडना आंटीने दार उघडलं ते कपाळाला हात लावूनच.

"अरे गुणाजी, आमचे उपासाचे चाळीस दिवस चाललेत रे! यात कोण नाताळ करतं? केक तोंडात घालायचा नाय, मटण नाय, गाणं नाय."

"आंटी, केक खाऊ नका. नुसता कापा. आणि हसा."

"उपाशीपोटी?"

"सरकारी काम आहे, आंटी."

एडना आंटी हसली. तो फोटो पाहून साहेबांनी शेरा दिला, 'भक्तिभाव उत्तम.'

होळी मात्र मार्चातच होती. गुणाजीला वाटलं, चला, एक तरी खरी सापडली. पण त्या दिवशी कक्षाला होळीची सुट्टी होती आणि अधिकाऱ्याच्या उपस्थितीशिवाय छायाचित्रण नियमात बसत नव्हतं. म्हणून होळी पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पेटवण्यात आली.

राहिला सप्टेंबर. वाडीच्या गणेश मंडळाचा चिटणीस धोंडू राणे हा गुणाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवायचा.

"मार्चात गणपती? येड लागलं काय तुला?"

"नुसता फोटो रे. मूर्तिकाराकडे गेल्या वर्षीची एक बिनरंगी मूर्ती पडलीय. पवईला नेऊ, गुडघाभर पाण्यात धरू, फोटो काढू, परत कारखान्यात. माझ्या शब्दाखातर कर ना, यार."

धोंडू विरघळला, पण मंडळाच्या अध्यक्ष रत्नप्रभा काकी. वाडीतला पहिला गणपती त्यांच्याच खोलीत बसला होता. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली.

"प्राणप्रतिष्ठा नाय, म्हणजे ती नुसती माती," त्या शेवटी म्हणाल्या. "कर जा. पण देवाक कळवू नको हां."

देवाला कुणी कळवलं नाही. कक्षाला मात्र कळलं होतं. एकतीस मार्चला बारा छायाचित्रे सादर झाली, नस्तीत लागली, आणि प्रत्येकापुढे तारखेसह शिक्का बसला : 'कार्यक्रम संपन्न.'

ऑगस्टात धोंडूने मंडपाच्या परवानगीसाठी अर्ज केला. अर्ज अभिप्रायासाठी कक्षाकडे गेला आणि आठ दिवसांत परत आला. 'आपल्या मंडळाचा सन १९८६चा गणेशोत्सव दि. १९ मार्च रोजी संपन्न झाल्याचे छायाचित्र क्रमांक नऊवरून स्पष्ट होते. एका मंडळास एका वर्षात एकच उत्सव अनुज्ञेय असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

त्या संध्याकाळी वाडीत गुणाजीशी कुणी बोललं नाही. पोरांनी मखरासाठी आणलेला थर्माकोल भिंतीशी टेकून ठेवला होता. रत्नप्रभा काकींनी गुणाजीपुढे चहाचा कप ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "बावीस वर्सां झाली रे. एकदा पण तो चुकलो नाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गुणाजी धोंडूला घेऊन साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, मार्चात गणपती नव्हताच. तो खोटा होता."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे आपण शासनास खोटे छायाचित्र सादर केलेत?"

"खोटं... म्हणजे... फोटो खरा आहे."

"मग उत्सव झाला."

"अहो, पण मार्चात कधी गणपती येतो का?" धोंडू उसळला.

"विसर्जनाच्या वेळी मंडळी काय घोषणा देतात, राणे?"

"पुढच्या वर्षी लवकर या."

"आले," साहेब म्हणाले. "आता तक्रार कसली?"

रिक्षाचा मीटर खाली पाडावा तशी धोंडूची मान पडली. साहेबांना वाईट वाटलं. आतून तेही कोकणातलेच. त्यांच्याही घरी गणपती यायचा, मात्र रजेच्या अर्जावर. त्यांनी कपाटातून नियमावली काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि वाट शोधली.

"नवा उत्सव नियमात बसत नाही. पण छायाचित्र अस्पष्ट असल्यास पुनर्चित्रण अनुज्ञेय आहे. नऊ नंबर अस्पष्ट आहे, असं तुम्ही लिहून द्या."

"तो तर आरशासारखा स्वच्छ आलाय, साहेब!" गुणाजीच्या तोंडून निघून गेलं. धोंडूने त्याच्या पायावर पाय दिला. गुणाजीने लिहून दिलं. उभ्या आयुष्यात आपल्या फोटोला त्याने पहिल्यांदाच नावं ठेवली.

असा त्या वर्षी सातपायरी वाडीचा गणपती, भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच, पण 'छायाचित्र क्रमांक नऊचे पुनर्चित्रण' म्हणून बसला. अट एकच : पुनर्चित्रण मूळ छायाचित्रास अनुसरून हवे. मूळ फोटोत होती तीच माणसं, त्याच कपड्यांत, त्याच क्रमाने. साहेब फोटो हातात घेऊन दररोज आरतीला हजर राहत आणि ताडून बघत.

"या बाईंच्या कडेवर बाळ आहे. नऊ नंबरात बाळ नाही."

"आहे की," उत्तरा वहिनी लाजून म्हणाली. "तेव्हा पोटात होतं."

साहेबांनी फोटो उजेडात धरला, बारकाईने पाहिला आणि शेरा लिहिला : 'बाळ असल्याचे आढळले. दिसत नाही.'

मूळ फोटोत सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे होती. म्हणून आरतीला सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहत. देव पाठीमागे. पहिले दोन दिवस रत्नप्रभा काकी मधेच मान वळवून बघायच्या आणि साहेब "काकी, समोर!" म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून काकीही वळेनाशा झाल्या. उलट शेजारणीला त्याच म्हणाल्या, "गो, पदर नीट घे. फोटोत येतंस."

पाचव्या दिवशी विसर्जन. ते दुपारी चार वाजता ठरलं, कारण कक्ष साडेपाचला सुटत असे. ढोल वाजवीत वाडी पवईला निघाली. तळ्यावर ढग उतरले होते आणि पाणी जांभळासारखं काळंसावळं दिसत होतं. काठावर शेवटची आरती झाली. गुणाजी तिचे फोटो धडाधड काढत होता, आणि शेवटच्या ओळीला कॅमेऱ्याचा खटका अडला. रीळ संपलं होतं. तो खाली बसला, शर्टाच्या आडोशाला कॅमेरा उघडून नवं रीळ भरू लागला.

नेमका तेवढ्यात ढोल थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा आपल्याकडे नाही, हे कळल्यासारखी सगळी वाडी एकदम देवाकडे वळली. धोंडू छातीभर पाण्यात गेला. रत्नप्रभा काकींनी पाण्यात पाय घातला आणि त्यांच्या तोंडून, जात्यावर निघावी तशी, ओवी निघाली :

चालला गणराज, पाटाला ओली माती,
रिकाम्या मखरात, लाविते फुलवाती.

मूर्ती एकदा बुडाली, दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा वर आलीच नाही. उत्तरा वहिनीने बाळाचे हात जोडून धरले. धोंडू डोकं वर काढून कुणाला दिसू नये अशा बेताने रडला. अंगावर पाणी होतंच, सोय झाली.

"झालं भरून!" गुणाजी उठून म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पुन्हा," ते म्हणाले.

"पुन्हा काय?"

"विसर्जन. छायाचित्र नाही, म्हणजे पुनर्चित्रण झालं नाही. झालं नाही, तर हे प्रकरण बंद होणार नाही. आणि प्रकरण उघडं असताना पुढच्या वर्षीचा अर्ज घेता येणार नाही."

"मेल्या, देव गेलो!" काकी कडाडल्या. "तुझ्या त्या डब्यासाठी तो परत येवचो नाय."

"देव नको, काकी," साहेब अगदी सौम्यपणे म्हणाले. "पाट आहे ना?"

पाट होता. रिकामा, ओला, मधोमध मातीचा एक गोल डाग राहिलेला. वाडीने एकमेकांकडे पाहिलं. पुढचं वर्ष त्या पाटावर बसलं होतं. धोंडूने पाटावर हारांचा ढीग रचला, वर रेशमी वस्त्र टाकलं, आणि चौघांनी तो डोक्यावर घेतला. ढोल सुरू झाला. "पुढच्या वर्षी लवकर या!" पाट पाण्यात उतरला. पण चेहऱ्यांवर काहीच नव्हतं.

"दुःख कमी पडतंय," गुणाजी कॅमेऱ्यामागून ओरडला. "वहिनी, पदर डोळ्याला! काकी, हात वर! हां, असंच... झकास!"

खटका पडला. पाच वाजून दहा मिनिटांनी प्रकरण बंद झालं.

पुढच्या वर्षी वाडीला परवानगी मिळाली. कक्षाने बारा छायाचित्रांचं कॅलेंडर छापलं. सप्टेंबरच्या पानावर लोक थांबतात, असं ऐकतो. काय ते भाव, काय ती भक्ती, फोटो खरा यालाच म्हणतात! रत्नप्रभा काकींनी ते पान कापून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्या दिवसाची आठवण काढली, की त्यांना आता तेच विसर्जन आठवतं, पाटाचं. त्याच्या आधीचं नीटसं आठवत नाही. ओवी तर अजिबात नाही.

वाचकहो, आपण सुज्ञ आहात, आपल्याला हसू येणारच. हसून झालं, की कपाटातला आपल्या लग्नाचा अल्बम तेवढा काढा. हार घालतानाचा तो फोटो आहे ना, ज्यात आपण दोघं इतके सुरेख लाजला आहात? तो दुसरा हार आहे. पहिला गळ्यात पडला तेव्हा फोटोग्राफर रीळ बदलत होता. तो "पुन्हा" म्हणाला, आणि आपण हार काढून दिलात, मान पुन्हा वाकवलीत, आणि लाजलातही.

आपल्याकडे तर कुठल्या कक्षाचा साहेबही आला नव्हता.