खिशातला डावा हात

मुलांनो, अंबडला आमच्या शेजारी राहणारे धोंडीरामभाऊ नमस्कारसुद्धा एकाच हाताने करत. डावा हात कायम पँटच्या खिशात. राजूरच्या गणपतीसमोरही तो बाहेर आला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आणि विजेला घाबरण्यातही. "दोन्ही हात लागले की करंट काळजातून जातो, बाई. एक हात खिशात, तर माणूस घरात." त्यांच्या पिशवीत एक बल्ब असे, होल्डरला दोन उघड्या वायरी जोडलेला. कोणतीही बंद वस्तू हातात घेण्याआधी तिला त्या वायरी टेकवायच्या, म्हणजे आत उरलेली वीज बल्बात निघून जाई. आमच्या मिक्सरचीही त्यातून सुटका झाली नाही.

तुमच्या बाबांनी इथे ठेवलेला जुना कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला. तुमची ई-मेलने आलेली सगळी पत्रं त्यातच अडकली. बाजारातला नवा पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्या कॉम्प्युटरमध्ये बसेना, म्हणून भाऊंनी जुनाच उघडला. आतले काही कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी नळकांडी, पुरीसारखे फुगले होते.

"प्लग काढला म्हंजी ह्यो मेला असं न्हाई. दम धरून बसतो." त्यांनी दोन मोठ्या कंडेन्सरना वायरी टेकवल्या. बल्ब भपकन पेटला आणि विझला.

फुगलेले काढून त्यांनी नवे डाखले, तेही एका हाताने. डाखायची कथलाची तार धरायचं काम माझ्याकडे. मग चालू करून पाहिलं. पंखा फिरला. त्यांनी प्लग काढला, उघडा डबा पुढ्यात ओढला.

आत कापसाचा एक धागा चिकटलेला मला दिसला. माझी टापटिपीची खोड तुम्हाला ठाऊक आहेच. बोटं आपोआप पुढे गेली.

माझं मनगट कुणीतरी करकचून धरलं. तो भाऊंचा डावा हात होता. उजवा अजून डब्याच्या पत्र्यावरच होता.

त्यांनी मला मागे सारून वायरी टेकवल्या. बल्ब पुन्हा पेटला, आधीपेक्षाही लख्ख.

तुम्हालाच काही झालं असतं म्हणजे, असं मी कसंबसं म्हटलं.

"तुमची वाट पाहणारी लेकरं हायत, बाई," ते म्हणाले. "माझी वाट पाह्यला घरी कुलूप हाय."

डावा हात त्यांनी परत खिशात घातला. आत घराची आणि दुकानाची अशा दोन किल्ल्या एकमेकींवर बराच वेळ वाजत राहिल्या.