हिरव्या कपाटाचा मालक

विश्वास कोणावर ठेवावा हो? माणसावर की कुलपावर? सावकाश विचार करून सांगा, घाई नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्या कुलूपशेठना विचारलं असतं, तर त्यांनी काउंटरवर थाप मारून सांगितलं असतं, "कुलपावर! माणूस गोड बोललं की उघडतं. कुलूप नाही."

तीस वर्षं कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या विकून हा माणूस तयार झालेला. शाळा पाचवीपर्यंत. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं आणि फीसुद्धा त्यांनीच भरली, असं शेठ स्वतःच सांगायचे (आणि सुट्टे पैसे परत द्यायचे विसरायचे). माणूस मनाचा चांगला. फक्त एक खोड होती. दुकान चालवता येतं म्हणजे जगातलं सगळंच चालवता येतं, असा त्यांचा समज होता. त्या सगळ्यात बायकोचं स्वयंपाकघरही आलं.

त्या वर्षी वल्हांडणाचं जेवण पहिल्यांदाच त्यांच्या घरी होतं.

ज्यांच्याकडे हा ज्यू सण नसतो त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वज गुलामीतून इतक्या घाईनं निघाले की कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून आठ दिवस बेखमीर भाकर खायची आणि घरात खमिराचा, म्हणजे आंबून फुगणाऱ्या पिठाचा, कणही ठेवायचा नाही. पाव नको, बिस्किटं नकोत, पीठ नको. टाकवत नसेल तर पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या आत दुसऱ्या धर्माच्या माणसाला रीतसर विकायचं आणि सण संपला की परत विकत घ्यायचं. मग संध्याकाळी सगळं घर एका टेबलाभोवती बसवायचं, पुस्तकातून सुटकेची कथा वाचायची आणि जेवायचं.

हे जेवण एकतीस वर्षं शेठच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे होत आलेलं. त्यातली बावीस वर्षं शेठच्या बायकोनं, म्हणजे आपल्या वहिनींनी, आक्कांच्या स्वयंपाकघरात कांदे चिरले. फक्त कांदे. एकदा तिनं सूप ढवळायला हात पुढे केला, तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या, "राहू दे गं, तुझा हात कांद्यावर बसलाय."

यंदा आक्कांच्या गुडघ्यांनी संप केला. घर नावावर करून देताना होतो तसा चेहरा करून त्या म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे करा. नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षापासून मी खुर्चीत बसून करीन."

या शेवटच्या वाक्यानं वहिनींची महिनाभर झोप उडाली. पानं सतरा होती, आणि संधी एकच.

शेठनी सामान आणायचं काम आपणहून अंगावर घेतलं. घाऊक खरेदी हा त्यांचा प्रांत. बेखमीर भाकरींची बारा खोकी, पाच डझन अंडी, खजूर, अक्रोड, बटाटे, द्राक्षरसाच्या बाटल्या, आणि पोत्यात कडू पाला. गुलामीचा कडवटपणा आठवावा म्हणून या पाल्याचा एकेक घास जेवणाआधी खातात.

"हा किती आणलात?" वहिनींनी पोत्याकडे बघत विचारलं.

"सहा किलो. चारवर दोन फुकट होता."

"अहो, माणशी चिमूटभर लागतो!"

"फुकट होता," शेठ पुन्हा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला होता.

वहिनींची व्यवस्था अगदी साधी होती. घरातलं सगळं खमिराचं त्यांनी स्वयंपाकघरातल्या हिरव्या कपाटात कोंबलं. सणाचं सामान बाहेरच्या खोलीत खोक्यांतच ठेवलं. शेठना एकच काम दिलं, हिरवं कपाट शेजारच्या भाऊसाहेबांना विकायचं.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. एकटे राहायचे. अडतीस वर्षांत त्यांनी एकही कागद न वाचता सही केली नव्हती, आणि निवृत्तीनंतर वाचायला कागद उरले नाहीत हे त्यांचं मोठं दुःख होतं. शेठ आदल्या दिवशी कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घातला.

"म्हणजे हा व्यवहार नावापुरता?"

शेठ दुखावले. "नावापुरता? भाऊसाहेब, आठ दिवस तुम्ही खरे मालक! हिरवं कपाट, आतल्या मालासकट. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे."

"आणि तुम्ही किल्ली मध्येच परत मागितली तर?"

इथे थांबायला हवं होतं. पण ऐकणारा इतका मन लावून ऐकतोय म्हटल्यावर दुकानदार थांबत नाही. "पावाच्या बाबतीत माझा माझ्यावर भरवसा नाही," शेठ म्हणाले. "मी गयावया केली, पाया पडलो, डोळ्यांत पाणी आणलं, तरी द्यायची नाही! लिहाच तसं."

भाऊसाहेबांनी लिहिलं. कलम चार. 'रडल्यास' हा शब्द त्यांनी शेठकडून दोनदा खात्री करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वहिनी आक्कांकडे गेल्या, सणाची वेगळी भांडी आणायला. घरात शेठ एकटे उरले. बाहेरच्या खोलीतली खोकी बघून त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. ही काय मांडणी झाली? खपाचा माल बाहेर आणि आठ दिवस पडून राहणारा माल चुलीशेजारच्या कपाटात? दुकानाचा पहिला नियम काय? खपणारं हाताशी, पडून राहणारं माळ्यावर.

बायकोला खूश करायचं असं त्यांनी ठरवलं. (अशा ठरवण्यापासून देव सगळ्यांना वाचवो.)

पीठ, पाव, बिस्किटं, सगळं माळ्यावर चढवलं. कपाट कढत पाण्यानं तीन वेळा घासलं, पुसलं, आत नवे कागद अंथरले. मग बारा खोकी, पाच डझन अंडी, बाटल्या, पालासुद्धा, सगळं लेबल लावून ओळीनं मांडलं. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. डोळे भरून आले. असं कपाट त्यांच्या दुकानातही नव्हतं.

मग तीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप खिशात गेला. जुनं फडतूस कुलूप त्यांनी कधीच फेकलं होतं. त्या जागी दुकानातलं सगळ्यात भारी, सात लिव्हरचं कुलूप चढवलं, खटकन दाबलं आणि बरोबर नऊ वाजता दोन्ही किल्ल्या भाऊसाहेबांच्या हातात नेऊन ठेवल्या.

"कपाट तुमचं," शेठ छाती फुगवून म्हणाले.

"पोच देतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि दिली.

वहिनी साडेदहाला आल्या. एका हातात भांड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आक्कांचं ओगराळं.

"बाहेरची खोकी कुठेत?"

"डोळे मीट," शेठ म्हणाले. हाताला धरून त्यांनी तिला कपाटासमोर उभं केलं. "उघड आता!"

वहिनींनी डोळे उघडले. समोर कुलूप.

"यात काय आहे?"

"सगळं! सणाचं सगळं सामान, एका हाताच्या अंतरावर!"

"आणि खमिराचं?"

"माळ्यावर."

"आणि विकलंत काय?"

शेठनी आधी माळ्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. मग त्यांचा हात रिकाम्या खिशात गेला.

"फोडा ते कुलूप," वहिनी शांतपणे म्हणाल्या. ती शांतता फार वाईट होती.

"फुटणार नाही." आणि काय सांगावं, अशा वेळीही माणसाच्या आवाजात अभिमान होता. "हातोड्याचा दांडा तुटतो. गॅरंटी आहे."

"मग बिजागऱ्या काढा."

"त्याही माझ्याच दुकानातल्या आहेत गं."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. शेठ अनवाणीच शेजारी धावले. भाऊसाहेब आरामखुर्चीत तो कागदच वाचत होते, तिसऱ्यांदा.

"भाऊसाहेब, किल्ली!"

"आलात?" भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. "काल म्हणालात तेव्हा वाटलं नव्हतं, इतक्या लवकर याल."

"आत पाव नाही हो! माल बदलला!"

"असंच काहीतरी सांगाल, हे गृहीत धरलं होतं."

"पाया पडतो."

"कलम चार."

"संध्याकाळी सतरा माणसं जेवणार! बायको आज नापास झाली तर जन्मभर कांदे चिरत बसेल हो!" आणि खरंच सांगतो, शेठचा आवाज फुटला. कुलूपशेठना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. पण त्या क्षणी आपल्यापायी बावीस वर्षांची वाट फुकट जाणार हे त्यांना पहिल्यांदा लख्ख दिसलं.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मऊ आवाजात म्हणाले, "रडल्यास. तेही आहे."

तेवढ्यात मागून वहिनी आल्या. हातात ओगराळं तसंच होतं.

"भाऊसाहेब, किल्ली मागायला आले नाही. माल विकायला आले."

"कोणता माल?"

"आमचा माळा, वरच्या सगळ्या खमिरासकट. अकराच्या आत विकायचाय."

"किंमत?"

"पैसे नकोत. हिरव्या कपाटाचे मालक तुम्ही. आज ते उघडायचं आणि संध्याकाळी आम्हा सतरा जणांना जेवू घालायचं. रांधून मी देते."

भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "किल्ली शेठना द्यायची नाही, असं कलम आहे," ते सावकाश म्हणाले. "मालकानं कपाट उघडू नये, असं कलम नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "सतरा म्हणालात. मालक जेवतो की नाही?"

"अठरा," वहिनी म्हणाल्या.

अकराला पाच मिनिटं असताना सही झाली.

त्या दुपारी स्वयंपाकघराचं ऑफिस झालं. किल्ली गळ्यात अडकवून भाऊसाहेब कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. तोंडी मागणी चालेना.

"अंडी अठरा," शेठ चिठ्ठी पुढे करून म्हणाले.

"कशासाठी?"

"उकडायला."

"तसं लिहा खाली."

शेठ निमूटपणे लिहीत होते, सोलत होते, अक्रोड फोडत होते. आणि वहिनी? त्यांनी पदर खोचला होता. सणाच्या स्वयंपाकात पहिल्यांदाच ओगराळं त्यांच्या हातात होतं आणि कांदे शेठच्या.

संध्याकाळी काठी टेकत आक्का आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. गळ्यात किल्ली घातलेला परका माणूस पाहून थबकल्या.

"हे कोण?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "मी मालक."

"आणि हा?" आक्कांनी काठीनं भावाकडे बोट केलं. तो ॲप्रन घालून डोळे पुसत होता.

"मदतनीस. कामाला बरे आहेत, पण देखरेख लागते."

"लहानपणापासून," आक्का म्हणाल्या. मग पातेल्याशी गेल्या. झाकण काढलं, ओगराळ्यानं थोडं सूप घेतलं, फुंकर घातली, चाखलं. आक्कांनी पुन्हा एकदा चाखलं.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षं कांदे चिरताना जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सगळे टेबलाशी बसले. मुख्य खुर्चीवर बसून शेठनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला. निदान हे तरी आपलं! सुरुवातीचं निमंत्रण त्यांनी भारदस्त आवाजात वाचायला घेतलं, "जो कोणी भुकेला असेल, त्यानं यावं आणि आमच्याबरोबर..."

"एक हरकत," टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला. "माल माझा. मग निमंत्रण यांनी कसं द्यायचं?"

"बरोबर आहे त्यांचं," आक्का म्हणाल्या. "दे पुस्तक. आणि खुर्चीही दे."

भाऊसाहेबांनी ते वाक्य ऑफिसातलं परिपत्रक वाचावं तसं वाचलं, पण शेवटी आवाज जरासा कापला. त्या टेबलावर एकट्यानं जेवायची सवय असलेला तो एकच माणूस होता. मग त्यांनी पुस्तकावरून मान वर केली आणि उभ्या असलेल्या शेठना म्हणाले, "तुम्हीही बसा. भुकेले दिसता."

रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्यात धाकटीनं, आक्कांच्या नातीनं, प्रश्न विचारला, "आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का आहे?"

उत्तर पुस्तकात होतं. पण त्याआधीच वहिनी बोलून गेल्या, "आज हे गप्प आहेत म्हणून."

आक्का इतक्या हसल्या की गुडघा धरावा लागला. निघताना दारात त्या म्हणाल्या, "ते ओगराळं परत पाठवू नकोस." बस, एवढंच. वहिनींनी ते त्या रात्री उशाशी ठेवलं होतं, असं शेठ सांगतात. (उशी शेठची होती.)

पुढच्या वर्षी विक्रीचा कागद वहिनींनी लिहिला. हिरवं कपाट, एक. माळा, एक. आणि खाली तिसरी ओळ, 'शेठ, नग एक, आठ दिवसांसाठी.'

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि शेठभोवती एक फेरी मारली. "चांगलाच फुगलेला आहे. म्हणजे खमिराचाच. घेतो. पण सण संपल्यावर परत न्यावा लागेल."

"त्याचं बघू," वहिनी म्हणाल्या.

तर मंडळी, ही गोष्ट पुढे कुणाला सांगाल तेव्हा एवढी मेहेरबानी करा, हिशेब चोख ठेवा. सूप वहिनींच्या नावावर जमा करा, अक्कलही त्यांच्याच. माया भाऊसाहेबांच्या नावावर लिहा. आणि शेठच्या खात्यात उगाच काही चढवू नका, तिथे एकच नोंद खरी आहे. कडू पाला, साडेपाच किलो. दोन आठवडे, दोन्ही वेळा, त्यांनी एकट्यानं संपवला.