सुरुंगाच्या गाडीवर वाळवण

धनराजची गाडी सुरुंगावरून गेली तरी आतल्या माणसाला खरचटणार नाही, अशी घडवलेली होती. लग्नाच्या बाजारात मात्र तिनेच त्याचं नुकसान केलं होतं. पोलिसात चालक आहे म्हटलं की मुलीकडचे चहा ठेवत. कुठली गाडी चालवतो ते कळलं की तेवढा चहा पाजून वाटेला लावत. तीन स्थळं अशी गेली. चौथं कुरखेड्याजवळचं, चंचल नावाच्या मुलीचं. आज दोन वाजता बघायला जायचं होतं आणि त्याचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका गुणवंतराव, सकाळपासूनच तिथे जाऊन बसले होते. गाडी एकपर्यंत कॅम्पात लागली की धनराजची सुट्टी सुरू होणार होती.

त्याआधी सकाळी जंगलातल्या एका गावात पोलिसांचं डोळे तपासणीचं शिबिर होतं. सामानाच्या पेट्या उतरवून धनराज शाळेच्या व्हरांड्यात जरा लवंडला. उठून पाहतो तर गाडीचा टप आणि बोनेट मोहफुलांनी भरून गेले होते. टपावर उकिडवी बसून गावातली शकुबाई फुलं पसरवत होती.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"लोखंड कसं तापलं हाय, पाह्य. आंगणात तीन दिस लागते, इथी सांजपर्यंत वाळन. बकऱ्याही चढत नाई."

"सरकारी गाडी हाय. उचला."

"माया टपावरचा मी उचलीन. पण बोनेटवरचा मोह सोमारीचा हाय."

"मग तोही उचला तुम्हीच."

शेजारणीची म्हैस पिळून आण म्हटल्यासारखं शकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. "ज्यानं पसरला त्यानंच उचलाचा. दुसऱ्यानं हात लावला का गाव बसते पंचायतीले. मंग दिवसभर बस तूही."

"सोमारीबाई कुठी हाय?"

"जंगलात. तुया रस्त्यावरच हाय तिचं झाड."

शकुबाईला टपावरच घेऊन धनराजने गाडी काढली. एक फूल पडलं की ती वरून टप वाजवायची आणि गाडी आणखी हळू व्हायची. एक बैलगाडी मागून आली आणि पुढे निघून गेली.

सोमारी झाडाखाली सापडली. तिने एक फूल बोटांत दाबून पाहिलं.

"अर्धा वाळला हाय. आता गोळा केला तर सडन."

"मग मी काय करू?"

"काई नाई. सावकाश चाल," म्हणत तीही टपावर चढली.

डांबरी रस्त्यावर समोरून मोटारसायकलवर नथ्थू आला. तो चंचलच्याच गावचा, आज तिच्याकडे धनराज येणार हे ठाऊक असलेला. तो थांबला, गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही बाजूंनी फोटो काढले आणि माघारी गावाकडे वळला.

मोबाइलला रेंज आली तेव्हा अडीच वाजले होते. लगेच गुणवंतरावांचा फोन आला.

"मोठेबाबा, निघालोच हाय..."

"आता येऊन काय करतं?"

धनराजचा पाय ब्रेकवर गेला. वरून दोघींनी मिळून टप वाजवला.

"पसंती झाली," गुणवंतराव म्हणाले. "नथ्थूनं फोटो दाखवले. पोरीचा बाप म्हणते, आमाले उगाच भेव दाखवलं लोकाईनं. हे तर बायाईच्या वाळवणाची गाडी हाय. असं सुखाचं काम जिल्ह्यात कोणाले नाई म्हणते."

"पण मोठेबाबा, गाडी तर..."

"तू चूप राय. घे, पोरगी बोलाचं म्हणते."

पलीकडे दाराची कडी वाजली. मग हळू आवाज आला, "मी चंचल. एक विचाराचं होतं. ते गाडी सुरुंगाचीच हाय ना?"

हातून गेलेली तिन्ही स्थळं धनराजच्या डोळ्यांपुढून गेली.

"हाय," तो म्हणाला.

"मले मालूमच होतं. बाबाले नोका सांगू."