अकरा गाड्या, एक संच

मोकळा श्वास घेणं हा प्रत्येक सजीवाचा हक्क आहे, याबद्दल कुठेही दुमत नाही. सजीव कुणाला म्हणायचं, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या साडूच्या मते त्यात त्याच्या गाडीचं इंजिन येतं.

सदर स्पोर्ट्स कार सव्वीस वर्षांची, दोन दारांची, लाल आणि बुटकी आहे. (बसताना कमरेत वाकावं लागतं, उतरताना कुणाचा तरी हात लागतो.) ती ताशी दोनशे दहा किलोमीटर वेगाने पळू शकते. साडूचं ऑफिस घरापासून दीड किलोमीटरवर असून वाटेत सात गतिरोधक आणि एक शाळा आहे. अशा परिस्थितीत इंजिनाची ताकद कमी पडते, हे त्याच्या ध्यानात येणं स्वाभाविकच होतं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी धूर स्वच्छ व्हावा म्हणून इंजिनाच्या गळ्यात नाना लोढणी अडकवली होती. धूर गाळणारा डबा, थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह, हवेचा छोटा पंप, आणि हे सगळं जोडणाऱ्या एकोणीस रबरी नळ्या. इंजिनिअरांनी त्यावर सहा वर्षं डोकं चालवलं होतं. साडूने एक व्हिडिओ पाहिला होता. (तो अकरा मिनिटांचाच होता, पण त्याने दोनदा पाहिला.)

शस्त्रक्रिया रविवारी घराखालच्या गॅरेजात पार पडली. ती करणाऱ्या मेकॅनिकला जुन्या गाड्यांच्या मंडळात ‘डॉक्टर’ म्हणतात. गाडीचं वजन चौदा किलोंनी उतरलं. (त्याच काळात साडूचं नऊ किलोंनी चढलं, तेव्हा निव्वळ बचत पाच.) ताकद किती वाढली ते कुणी मोजलेलं नाही, पण ती ‘जाणवते’, असं तो सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनाही वाळत घातलेल्या चादरींवर ती जाणवते.

वर्षातून एकदा सरकार धूर तपासतं. मंडळातल्या अकराही सभासदांकडे याच बनावटीची गाडी आहे. त्यांतल्या दहा जणांनी आपली उपकरणं उत्साहाच्या भरात भंगारात देऊन टाकली होती, त्यामुळे अकरा गाड्यांत मिळून एकच संच उरला होता. मंडळाने पाळ्यांचा तक्ता केला. आपली पाळी आली की संच बसवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, संच उतरवून पुढच्या सभासदाकडे पोहोचता करायचा. चार वर्षांत एकही पाळी चुकलेली नाही. इतकी शिस्तीची संस्था माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तो संच आजवर चव्वेचाळीस वेळा निर्दोष ठरला आहे, असा लौकिक भल्याभल्या माणसांच्या वाट्याला येत नाही.

गॅरेजच्या बरोबर वर साडूच्या वडिलांची खोली आहे. गाडी रोज सकाळी बारा मिनिटं तापवावी लागते. वडिलांची छाती आधीच नाजूक, त्यात यंदा आठ दिवस हॉस्पिटल झालं. तिथल्या डॉक्टरांनी (मंडळात यांना कुणी ओळखत नाही) स्वच्छ हवेत ठेवा म्हणून बजावलं आणि सोबत श्वासाचं मशीन दिलं. त्याला एक नळी आहे. गाडीतून एकोणीस नळ्या निघाल्या आणि घरात एकच आली, तेव्हा हिशेबाने अठरा नळ्यांचा फायदाच झाला.

वडील घरी आले त्याच सोमवारी साडूची पाळी होती. संच बसला, मंगळवारी प्रमाणपत्र मिळालं. बुधवारी सकाळी गाडी खाली तापत होती आणि वर वडील उघड्या खिडकीशी बसून पेपर वाचत होते. मशीनचा मास्क खुंटीला होता. मेहुणीने नवऱ्याला सांगितलं, आता हा संच काढायचा नाही. तिने मलाही बोलावून घेतलं.

“राहू दे ना रे,” मी म्हणालो. “त्यांना बरं वाटतंय.”

“मला काय कळत नाही का? पण उद्या आठ नंबरची पाळी आहे. मंडळात तोंड दाखवायचंय मला. आणि इंजिन किती गुदमरतंय, ऐका तरी.”

मी ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

वडिलांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. पेपरची घडी घालून ते सुनेला म्हणाले, “उद्यापर्यंत खिडकी उघडीच राहू दे.”

गुरुवारी संच गेला. मेहुणीने खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. मला संताप आला, आणि शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून वाहन खात्याचा तक्रार कक्ष गाठला. खिडकीवरच्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून फॉर्म पुढे केला. त्यात नववा रकाना होता: तक्रारदाराच्या स्वतःच्या वाहनाचं चालू धूर प्रमाणपत्र जोडावं.

मी गाडीतून प्रमाणपत्र काढून आणलं. शिक्का होता, धुराचे आकडे होते, तारीख होती. त्या तारखेला माझी गाडी वर्कशॉपमध्ये होती आणि तिचं इंजिन बाकड्यावर उतरवून ठेवलेलं होतं. मी फोनवर फक्त नंबर सांगितला होता, प्रमाणपत्र घरपोच आलं होतं. मी फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवली. कारकुनाने कारण विचारलं नाही, त्याच्या टेबलाखालचं टोपलं तसल्याच घड्यांनी भरलं होतं.

तुमच्याही गाडीत प्रमाणपत्र असेलच. त्यावरची मुदत बघू नका, ती बरोबरच असते. ते मिळालं त्या दिवशी तुमची गाडी कुठे उभी होती, तेवढं आठवून बघा.