दाजींचे पान

शुद्ध मराठी वाक्य कसे रचावे आणि प्रतिपक्षाचा मुद्दा कसा खोडावा, या दोन कलांत सबंध रत्नागिरीत माझा हात धरणारा कोणी नाही, असे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा मीच असतो, पण ते असो! मुद्दा असा की, वादात मी आजवर वकिलांना नमवले आहे, कीर्तनकारांना नमवले आहे आणि एकदा तर वीजमंडळाच्या अधिकाऱ्यालाही नमवले आहे. तेव्हा २००३ सालच्या गणेशचतुर्थीला मी जो बेत आखला, तो फसण्याचे वस्तुतः काहीच कारण नव्हते.

बेत ‘सारंगे सदन’ या मालिकेविरुद्धचा होता. ही मालिका माणसांची नव्हे, चित्रांची! भोपळ्यासारख्या नाकांचे एक रंगवलेले कुटुंब दर रविवारी संध्याकाळी पडद्यावर येऊन भांडत असे आणि सारी आळी तोंडात बोट घालून ते पाहत असे. आठ वर्षे झाली, कोणाचा एक केस पिकला नाही, की एक पोर पुढच्या इयत्तेत गेले नाही. कथानक नाही, चरित्रचित्रण नाही, भाषा तर चुलीत! तरीही माझी पत्नी उमा, बारावीतली कन्या अपूर्वा आणि ऐंशीच्या घरातली गोदाआत्या, तिघीही त्या कुटुंबातल्या दाजी नावाच्या चष्मेवाल्या खवचट म्हाताऱ्यावर जीव टाकीत. मागच्या खोल्यांत राहणारा भागोजी तर भक्तशिरोमणी! एस.टी.तून निवृत्त झालेला हा कंडक्टर मालिकेचे भाग थांब्यांसारखे ओळीने सांगत असे.

दर गणपतीला या मालिकेचा एक विशेष भाग दाखवीत. मी ठरवले, यंदा सर्वांना आपल्याच घरी बोलवावे, भाग संपू द्यावा आणि लगेच एका घणाघाती व्याख्यानाने ही मालिका कायमची निकालात काढावी!

आरती झाली. खोली गच्च भरली. शेजारच्या हौसावहिनी पाट घेऊन पुढे बसल्या. भाग सुरू झाला आणि दाजी चित्रातल्या गणपतीपुढे गाऱ्हाणे घालायला उभे राहिले.

आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. एकाने देवाला साकडे घालायचे आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. हा दुजोरा एकदा दिला की त्या शब्दाने सर्व बांधले जातात. तो मागे घेता येत नाही.

‘‘बा देवा म्हाराजा!’’ दाजी म्हणाले. ‘‘लेकरांनी केल्येली सेवा गोड मानून घे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ पडद्यावरचे कुटुंब म्हणाले. आमच्या खोलीतही चारदोन जण हसत हसत म्हणाले.

‘‘चाकरमानी मुंबैसून आल्येत, त्यांना सुखरूप पोचीव म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आता सारी खोली.

‘‘इडापिडा टळू दे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ भिंतीवरची पाल दचकून पडली.

एवढ्यात दाजी वळले. देवाकडे पाठ करून ते सरळ आमच्याकडे पाहू लागले. त्यांच्यामागचे कुटुंब एकेक करून पुसट झाले, जसे पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसावे. आठ वर्षांत न पिकलेले त्यांचे केस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे होत गेले. संगीत थांबले.

‘‘आट वर्सं तुमच्या घरात येतो हाय,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘कोनी पान्याचा तांब्या म्होरं केला नाय. उद्या जेवायला येनार. पान वाडून ठेवा. मी जेवल्याबिगर कोनी घास घ्यायचा नाय म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सारी खोली एकमुखाने गरजली.

आणि मग सर्वांना कळले, आपण कशाला होय म्हटले ते.

पडदा काळा झाला. शेवटचे गाणे नाही, नावे नाहीत, काही नाही. थोड्या वेळाने एक बाई साबणाची स्तुती करू लागली.

मी खाकरून उभा राहिलो. ‘‘सभ्य स्त्रीपुरुषहो! या भागाचा पहिला दोष असा की—’’

‘‘दाजीनं डोळं मिटलान्!’’ भागोजी मला मध्येच तोडून ओरडला. ‘‘आट वर्सांत त्यानं पापनी हलवली नव्हती! आज मिटलान्! मी बगितला!’’

‘‘गेल्या वर्षीचा भाग किती हसरा होता!’’ अपूर्वा रडवेली झाली. ‘‘मालिकावाल्यांनी दाजींना मारलं, बाबा! मालिका बंद करणार आहेत!’’

‘‘मारलं नाय, पोरी,’’ भागोजी म्हणाला. ‘‘ जेवायला धाडलान्!’’

‘‘भाग चांगला होता, पण आपल्याच घरात घडल्यासारखा वाटला,’’ हौसावहिनी पाट उचलीत म्हणाल्या. ‘‘मी जाते बाई. उद्याची भाजी जास्त निवडायला हवी.’’

तेवढ्यात फोन वाजला. दापोलीहून उमाची बहीण! त्यांच्या घरातही सगळ्यांनी दुजोरा दिला होता. पाठोपाठ भागोजीचा मेहुणा खेडहून! तिथे तर पुऱ्या वाडीने दिला होता. जो तो विचारीत होता, पान कुठे मांडायचे, देवापुढे की दारात? माझे व्याख्यान घशातच राहिले. खोली रिकामी झाली आणि उमाने टीव्हीची पिन काढून, पडद्यावर जुने लुगडे टाकले.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. दुपारी अळू, भेंडी, पडवळ, सुरण अशी ऋषींची भाजी शिजली. गोदाआत्याने देवघराजवळ केळीचे पान मांडले, तांब्या ठेवला, पान वाढले आणि ती समोर हात जोडून बसली. आमची पाने रिकामीच!

‘‘आत्या, जेवून घे. तुझी मधुमेहाची गोळी घ्यायची आहे.’’

‘‘ते जेवू देत आधी.’’

‘‘ते म्हणजे कोण? ते चित्र आहे!’’

‘‘दत्तू, शब्द दिलाय. तूही दिलायस. सगळ्यांत मोठ्यानं तूच ओरडलास.’’

‘‘मी... ते ओघात झाले! आणि मुळात चित्राला भूक नसते!’’

‘‘मग काल मातीच्या मूर्तीला नैवेद्य कशाला दाखवलास रे?’’

वाचकहो, इथे मी निरुत्तर झालो. आयुष्यात पहिल्यांदा! वीजमंडळाचा तो अधिकारी मला आठवून मनातल्या मनात हसला असेल.

वेळ जात राहिला. भाजी निवून गेली. रोज परसात ओरडणारे कावळे आज कुठे गेले होते, कोण जाणे. पान वाऱ्यावर हलावे तसे अधूनमधून हलत होते आणि वारा तर मुळीच नव्हता. आत्याचे हात थरथरू लागले. कपाळावर घाम आला. उमा माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

‘‘अहो, वाद राहू दे! तिला घेरी येईल. काहीतरी करा!’’

साखरेचे पाणी पुढे केले, तर आत्याने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांच्या दवाखान्याला सणाचे कुलूप. तेव्हा मात्र माझ्या बुद्धीने एक झेप घेतली!

‘‘आत्या! श्राद्धात पितर स्वतः येऊन पाटावर बसतात काय? त्यांच्या जागी ब्राह्मण बसतो. तो जेवला की ते जेवले. मग दाजींच्या जागी माणूस बसला आणि जेवला, तर दाजी जेवले की नाही?’’

आत्याने बराच विचार केला. ‘‘हे शास्त्राला धरून आहे,’’ ती क्षीण आवाजात म्हणाली. ‘‘बसव कोणाला तरी. पण त्याला दाजी म्हणूनच हाक मारायची.’’

जिंकलो! मी धावत जाऊन भागोजीला ओढून आणले. त्याने पानाकडे पाहिले आणि तो उंबऱ्याच्या बाहेरच थबकला.

‘‘नाय जमायचा, अन्ना. तिथं कोन बसल्येला हाय.’’

‘‘पाट रिकामा आहे!’’

‘‘तुमाला रिकामा दिसतो. तुमीच बसा!’’

दुसरा इलाज नव्हता. मी सोवळे नेसलो, पाटावर बसलो. पाट गार होता. नदीतून काढलेल्या दगडासारखा गार!

‘‘दाजी, सावकाश होऊ द्या,’’ आत्या हात जोडून म्हणाली.

मी उत्तर देण्यासाठी एक सुबक वाक्य मनात जुळवले. ‘आपल्या आतिथ्याने मी कृतार्थ झालो आहे’ असे ते वाक्य होते. मी तोंड उघडले.

‘‘भाजी वाईच आनी वाड गो बाय. सुरन जास्त घाल.’’

सुरणाने माझा घसा खाजतो. लहानपणापासून मी तो तोंडात घेतलेला नाही! पण माझा हात पानावर झपाट्याने चालत होता. सुरण, अळू, पुन्हा सुरण! मी थांबण्याचा प्रयत्न केला, तर बोटे माझ्याकडे न पाहता पुढे गेली. घसा अजिबात खाजला नाही.

‘‘दाजी, घर आवडलं का?’’ अपूर्वाने भीत भीत विचारले.

‘‘घर बरा हाय. पन ह्यो घरधनी लय बोलतो.’’

उमा खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून पांढरीफटक पडली. भागोजी उंबऱ्यावरच साष्टांग आडवा झाला. ‘‘दाजीच! त्याचाच आवाज! फनसाच्या भागातला!’’

मग मला एक मोठी ढेकर आली. पाट एकदम उबदार झाला आणि परसात कावळे ओरडू लागले.

‘‘आपल्या आतिथ्याने मी कृतार्थ झालो आहे,’’ मी म्हणालो. इतका वेळ घशात अडकलेले ते वाक्य अखेर बाहेर पडले.

गोदाआत्याने लगेच साखरेचे पाणी घेतले, मागोमाग चार घास घेतले. थोड्या वेळाने तिच्या गालांवर रंग आला आणि ती भाजीत मीठ कमी असल्याचे म्हणाली. आत्या वाचली! मी सुटकेचा निःश्वास टाकला. झाले ते सर्व माझ्या अभिनयकौशल्याचे फळ आहे, असे मी घरात सर्वांना समजावून सांगितले. कोणी वाद घातला नाही. हेच मला विचित्र वाटले.

भागोजी मात्र तोवर आळीभर पळत गेला होता. ‘‘दाजी आल्येत! अन्नांच्या घरात जेवल्येत! आता सगल्यांकडं येनार!’’ आणि आळीतल्या प्रत्येक घरात दुपार टळली तरी माणसे उपाशी, पान वाढून बसलेली! पोरे रडत होती, म्हातारे भिंतीला टेकले होते. उमा म्हणाली, ‘‘आता जा. तुम्हीच सुरू केलंत.’’ आपल्यामुळे आळी उपाशी राहावी, हे माझ्याही मनाला पटेना. शिवाय, खोटे कशाला बोलू, अभिनयाची थोडी गोडीही लागली होती.

पहिले घर हौसावहिनींचे. दारात रांगोळी, आत समई. मी ओटीवर चढून खाकरलो.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहतच राहिल्या.

‘‘भावोजी, काही राहिलं का?’’

‘‘राहिले? मी जेवायला आलो आहे. दाजींच्या जागी.’’

‘‘अहो, थट्टा करता काय? आत्ताच तर जेवून गेलात!’’

माझ्या पायांखालची फरशी पाटासारखी गार झाली. ‘‘मी? तुम्ही... नीट पाहिलेत का?’’

‘‘इश्श! दाजींच्या पानापुढं मान वर करून कोण बघतं? पदर घेऊन खालीच बघत होते मी. पण सगळं पान चाटूनपुसून संपवलंत, हो. सुरण तर तीनदा मागितलात. आमची सगळी जेवायला बसलीसुद्धा.’’

त्यांच्या खांद्यावरून मला आतले पान दिसले. लखलखीत, धुतल्यासारखे! त्याच्या कडेला तांब्या आडवा पडलेला. आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून कोणीतरी म्हणाले, ‘‘या दाजी, या! बसा!’’ त्या घराचा उंबरा मी अजून ओलांडला नव्हता.

आता काय बोलावे? वाद घालावा, तर कोणाशी आणि कोणत्या बाजूने? त्या घाबरू नयेत म्हणून, आणि मीही फार घाबरू नये म्हणून, मी जे पहिले सुचले ते बोललो.

‘‘हो, हो, बरोबर! चष्मा विसरलो होतो, तेवढा न्यायला आलो.’’

चष्मा माझ्या नाकावरच होता. वहिनींनी त्याकडे पाहिले, मान डोलावली, त्या आत गेल्या आणि पानाजवळून दुसरा एक चष्मा आणून त्यांनी माझ्या हातात ठेवला.

त्यातून मला माझ्या चष्म्यापेक्षा पुष्कळच स्वच्छ दिसते. सांगायला संकोच वाटतो, पण हा सगळा मजकूर मी तोच लावून लिहिला आहे.