एकत्र प्रवास करणारे सुटे भाग

सिद्रामप्पांच्या कमरेतले दोन मणके एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तीन गोष्टी बंद केल्या: सायकल, रिक्षा आणि खाली वाकणे. यांपैकी खाली वाकणे सिद्रामप्पांनी बेचाळीस वर्षांच्या नोकरीत मालकासमोरही केले नव्हते, त्यामुळे त्याचे काही वाटले नाही. रिक्षाचेही नाही. सोलापूरच्या रस्त्यांवरून जो रोज रिक्षाने जातो, त्याला रिक्षा बंद झाली तर सुटल्यासारखेच वाटते. वाईट वाटले ते सायकलचे.

कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण कमलम्मा एकटी राहत होती. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती. रोज सकाळी दहाला सिद्रामप्पा सायकलवरून तिच्याकडे जायचे आणि तिला पेपर वाचून दाखवायचे. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, आणि वेळ उरला तर देशाचे राजकारण. दहा वाजता ती दारात खुर्ची टाकून बसायची. आता तीन आठवडे झाले, ती खुर्ची टाकत होती आणि उचलून आत नेत होती.

"मागं रेलून, पाय लांब करून बसलात तरच दुखणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

"मग रेलूनच जातो की," सिद्रामप्पा म्हणाले.

"अवो, रेलून मानूस दवाखान्यात जातंय, बहिणीकडं न्हाय," त्यांच्या पत्नी हेमावती म्हणाल्या. पण तोवर सिद्रामप्पा भंगार बाजाराकडे निघाले होते.

सिद्रामप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. तीन मोडक्या सायकली, कपाटाच्या रॅकला असते तसली भोकाभोकांची लोखंडी पट्टी आणि दोनशे चौदा नट-बोल्ट एवढ्या भांडवलावर त्यांनी सत्तावीस दिवसांत अंगणात एक तीनचाकी उभी केली. उभी म्हणजे आडवीच. दोन चाके पुढे, एक मागे, पेडल सगळ्यांच्या पुढे, आणि मध्ये बाजेच्या नवारीची विणलेली बैठक, जमिनीपासून फूटभर उंच. वेल्डिंगचा एक ठिपका नाही. शेजारच्यांनी कारण विचारले तेव्हा सिद्रामप्पांनी आयुष्यभराचे ज्ञान दोन वाक्यांत सांगितले.

"वेल्डिंग मारलं की मानूस विसरतंय. नट कसं, रोज इचारतंय, मालक, घट्ट हाय का?"

ट्रकवाल्यांना दिसावे म्हणून मागे काठीला झेंडा हवा होता. भगवा, हिरवा, निळा, पांढरा असे सगळे रंग तपासून झाल्यावर त्यांनी सोलापुरी चादरीचा एक तुकडा लावला. त्या नक्षीवर अजून कुठल्याही पक्षाने हक्क सांगितलेला नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी अशी पळाली की सिद्रामप्पांना चाळिशी आठवली. कंबर दुखली नाही, पाय थकले नाहीत. चौकात मात्र त्यांचे जुने मित्र वीरभद्रप्पा टोपी काढून, हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

"वीरभद्रा, जिवंत हाय मी अजून!"

वीरभद्रप्पांनी एक डोळा उघडला. "मग झोपून का चाललास? आपल्यात मेल्यावरबी बसून जात्यात की!"

हे खरेच होते. लिंगायतांत माणसाला शेवटच्या प्रवासालाही ताठ बसवून नेतात. त्या मानाने सिद्रामप्पांचे हे जिवंतपणीचे रेलणे समाजाला थोडे सैल वाटले. पण कमलम्माच्या दारात खुर्ची होती, खुर्चीत कमलम्मा होती, आणि त्या दिवशी तिने सात आठवड्यांच्या निधनवार्ता एका बैठकीत ऐकल्या. इतकी खूश ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

परतीच्या वाटेवर हवालदारांनी शिट्टी मारली.

"हे काय हाय?"

"सायकल."

"सायकल बसून चालवत्यात. तुमी झोपलाय."

"झोपलो न्हाय. रेललोय."

"रेलण्याचं कलम न्हाय," हवालदार कळवळून म्हणाले. "कलम असतं तर दंड करून सोडलं असतं की. कलमच न्हाय, तर तुमाला कशाच्या आधारावर सोडू?"

हा पेच कायद्याचा होता, हवालदारांचा नव्हता. म्हणून परवाना मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही, असे बजावून त्यांनी सिद्रामप्पांना अपारंपरिक वाहन सुलभीकरण कक्षाकडे पाठवले. हा कक्ष तीन वर्षांपूर्वी उघडला होता, आणि त्याने आजवर एकाही वाहनाला परवाना दिलेला नव्हता, कारण आजवर कोणी मागितलाच नव्हता. कक्षप्रमुख बाळासो यांनी सिद्रामप्पांचे उभे राहून स्वागत केले.

"हा कक्ष सुलभीकरणासाठीच आहे," ते म्हणाले. "त्यामुळे थोडा वेळ लागेल."

अर्ज नऊ पानी होता. चौदाव्या रकान्यात वेल्डिंगचे प्रमाणपत्र मागितले होते. सिद्रामप्पांनी तिथे 'निरंक' लिहिले.

"वेल्डिंग नाही? मग जोडलंय कशानं?"

"नट-बोल्टनं."

"ते उघडता येतात?"

"येत्यात की. म्हनून तर लावलेत."

बाळासोंनी पेन खाली ठेवले. "म्हणजे हे वाहन कधीही सुटं होऊ शकतं. आणि जे कधीही सुटं होऊ शकतं, ते तत्त्वतः आत्ताही सुटंच आहे. सिद्रामप्पा, हे वाहन नव्हे. हे एकत्र प्रवास करणारे सुटे भाग आहेत. सुट्या भागांना रस्त्यावरून स्वतः जाता येत नाही. ते टेंपोतून न्यावे लागतात."

"सायेब, तुमच्या मोटारीची चाकंबी नटावरच हाईत."

"ती कंपनीनं सुटी ठेवलीत," बाळासो शांतपणे म्हणाले. "तुम्ही घरी ठेवलीत."

सिद्रामप्पा वेल्डिंगवाल्या गुरुबसप्पाकडे गेले आणि गाडीत वेल्डिंग नसल्याचे प्रमाणपत्र मागू लागले.

"काका, मी मारलेल्या वेल्डिंगचं सर्टिफिकेट देतो," गुरुबसप्पा म्हणाला. "न मारलेल्याचं कसं देऊ? न मारलेलं तर गावभर हाय."

शेवटी तडजोड निघाली. घंटीच्या पट्टीवर, जिथे गाडीला काही फरक पडणार नाही अशा ठिकाणी, एकच ठिपका मारायचा. ठिणगी उडाली तेव्हा सिद्रामप्पांनी तोंड फिरवले. पोटच्या पोराला गरज नसताना इंजेक्शन देताना बाप फिरवतो तसे.

बाळासोंनी प्रमाणपत्र दिव्याखाली धरून पाहिले. "उत्तम आहे. पण अर्जाच्या फोटोत हे वेल्डिंग दिसत नाही. म्हणजे अर्ज एका वाहनाचा आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचं. दोन वाहनांना एकच परवाना देता येत नाही."

नवा फोटो निघाला, नवा अर्ज झाला. त्यावर शेरा आला की दोनशे चौदा नटांच्या मानाने एक वेल्डिंग हे प्रमाण अल्प आहे, सबब खुलासा करावा. सिद्रामप्पांनी खुलासा केला. खुलासा सुस्पष्ट असल्यामुळे तो समजून घेण्यासाठी समिती नेमली गेली. समितीच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा गाडी टेंपोत घालून न्यावी लागली, आणि तिन्ही वेळा टेंपोत तिचा एकही नट ढिला झाला नाही. हे कोणी नोंदवले नाही.

असे दोन महिने गेले. कमलम्मा फोनवर म्हणायची, "सिद्रामा, पेपर साचलेत रे. कोण गेलं, कोण हाय, कायबी कळंना. काल त्या चौगुल्याच्या म्हातारीला फोन लावायला सांगितलं शेजारणीला, तर कळलं की ती जाऊन महिना झाला." मग विचारायची, "तू हाईस न्हवं?"

"हाय की अक्का."

"मग ये की."

फोन ठेवल्यावर सिद्रामप्पा अंगणात जायचे, पाना घ्यायचे आणि घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे ते हेमावती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या, आणि तेवढ्या वेळापुरता कुकर लावायच्या, म्हणजे शिट्टीच्या आवाजात दोघांचीही लाज राहायची.

अशात वरून आदेश आला. शाश्वत वाहतूक सप्ताह साजरा होणार होता आणि प्रत्येक कक्षाने एक स्थानिक नवोपक्रम सादर करायचा होता. बाळासोंनी फायली चाळल्या. फाइल एकच होती. दुसऱ्या दिवशी ते शाल आणि नारळ घेऊन सिद्रामप्पांच्या अंगणात हजर झाले.

"सिद्रामप्पा, तुमची गाडी शहराचा अभिमान आहे!"

"मागच्या म्हयन्यात सुटे भाग होते की."

"अभिमान सुटाच असतो, तो आपण एकत्र आणतो," बाळासो म्हणाले. "फक्त आठ दिवस चौकात प्रदर्शन. मग परवान्यासकट गाडी परत. इथं सही करा."

परवान्यासकट, हा शब्द ऐकल्यावर सिद्रामप्पांनी पुढचे वाचले नाही. आयुष्यात एकच नट न तपासता सोडला, तो हा.

सोहळा दणक्यात झाला. सायकल फेरीत तीनशे लोकांनी भाग घेतला. त्यांच्या सायकली टेंपोतून आल्या आणि टेंपोतूनच परत गेल्या. मान्यवरांच्या अकरा मोटारी लावण्यासाठी शहरातला सायकल मार्ग दिवसभर बंद ठेवावा लागला. प्रमुख पाहुणे फोटोसाठी गाडीत रेलले. त्यांना तिथे इतके बरे वाटले की उठवायला चौघे लागले. भाषणात ते म्हणाले की सिद्रामप्पांसारख्या सामान्य माणसाच्या हालचालीला शासन कधीही अडथळा येऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. गर्दीत सिद्रामप्पाही टाळ्या वाजवत होते, कारण आठवा दिवस मंगळवारी होता आणि त्यांनी कमलम्माला बुधवार सांगून ठेवला होता.

मंगळवारी सुरक्षा अहवाल आला. चौकात ठेवलेल्या वस्तूचे नट चोर काढून नेतात, हा शहराचा अनुभव होता. सबब चौदाव्या रकान्यातील त्रुटी कायमची दूर करून दोनशे चौदाही नट वेल्ड करावेत आणि तिन्ही चाके चौथऱ्याला पक्की करावीत, असे ठरले. भोवती रेलिंग आले. सिद्रामप्पा पोचले तेव्हा गुरुबसप्पा काळी काच बाजूला करून घाम पुसत होता.

"काका, माफ करा," तो खाली बघत म्हणाला. "टेंडर निघालं होतं."

कक्ष मात्र शब्दाला पक्का निघाला. परवाना त्याच संध्याकाळी घरपोच आला. 'सदर वाहन संपूर्णतः वेल्डिंगयुक्त असून रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे. अट: चौथऱ्यावरून हलवू नये.' सिद्रामप्पांनी दुसरी गाडी बनवायला घेतली, तर नोटीस आली की सदर रचना आता शहराची मालमत्ता असल्याने तिची नक्कल करता येणार नाही.

तेव्हापासून सिद्रामप्पा रोज सकाळी काठी टेकत त्या चौकापर्यंत येतात. त्यापुढे कंबर येऊ देत नाही. दहा वाजले की रेलिंगला धरून तिथूनच ते कमलम्माला फोन लावतात आणि निधनवार्ता वाचून दाखवतात. रहदारीच्या गोंगाटात तिला निम्मी नावे ऐकू येत नाहीत. ती पुन्हा विचारते, ते पुन्हा ओरडून सांगतात.

तो चौक तुम्हीही पाहिला आहे. गेल्या रविवारी दोन गल्ल्यांपलीकडच्या जिमला मोटारीने जाताना तुम्ही तिथे थांबलात, मोटार दुसऱ्या मोटारीला लावून उभी केलीत आणि त्या गाडीसमोर दोन बोटे वर करून फोटो काढलात. खाली पर्यावरणाबद्दल दोन चांगली वाक्येही लिहिलीत. फोटो छान आला. फक्त मागे रेलिंगला धरून कोणीतरी म्हातारा मोठमोठ्याने मेलेल्या माणसांची नावे वाचत होता, म्हणून तुम्ही अगदी अदबीने म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का?"

मणक्यांमुळे त्यांना थोडा वेळ लागला, पण ते झाले.